कपाळाचा ओला रंग

कलेला जात नसते. हे वाक्य मी आमच्या भागात पुष्कळदा ऐकले आहे आणि ते खरेच असावे, कारण ते सांगणारी माणसे दरवेळी व्यासपीठावर होती आणि त्यांच्या पाठीमागचा कापडी फलक बहुतेक वेळा मी रंगवलेला होता. फलक रंगवणाऱ्याला मात्र जात होती. ती त्यांच्या चांगली लक्षात असे. फलक टांगून झाला की मला मागच्या बाजूने उतरायला सांगत.

मी चित्रकार झालो तो सरकारमुळे. एक्क्याऐंशी साली जालना हा वेगळा जिल्हा झाला आणि तोवर औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या आमच्या गावांतल्या एकूण एक पाट्या खोट्या ठरल्या. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, दवाखाना, खताचे दुकान, सगळ्यांच्या खाली 'जि. औरंगाबाद' होते आणि तिथे 'जि. जालना' हवे होते. मी नुकताच दहावी झालो होतो. वडील रोजगार हमीवर खडी फोडत, आई लोकांच्या रानात कापूस वेचायला जाई, आणि माझे अक्षर चांगले होते. एक डबा पांढरा, एक डबा निळा आणि दोन ब्रश घेऊन मी तीर्थपुरीच्या आसपासची गावेच्या गावे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेली. औरंगाबादला पाच अक्षरे, जालन्याला तीन. उरलेल्या जागेचे काय करायचे, हा कलेतला मला पडलेला पहिला गंभीर प्रश्न. मी तिथे फूल काढत असे. एका सरपंचाने हे कोणत्या पक्षाचे फूल आहे ते विचारले, तेव्हापासून वेल काढू लागलो.

पाटीच्या उजव्या कोपऱ्यात पेंटरने आपले नाव लिहायचे, ही रीत सगळीकडे आहे. दुकानदार ती जागा त्याला फुकट देतो. मी नाव लिहिले तेव्हा नावाला कोणाची हरकत नव्हती, आडनावाला होती. आमच्या घराने छप्पन्न सालानंतर धर्म बदलला, घरातले देव काढले, बुद्धाची तसबीर लावली. आडनाव तेवढे जुने राहिले, आणि गावाने सोयीने तेच धरून ठेवले. ते वाचले की आमची वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला असणार, ते कोणाला विचारावे लागत नाही.

"पेंटर, आडनाव राहू द्या. नुस्तं नाव लिहा," एका किराणा दुकानदाराने मला समजावले. "गिऱ्हाईक वाचून राह्यलंय."

माझे आडनाव वाचून गिऱ्हाइकाला नेमके काय होणार होते, ते त्याने सांगितले नाही. मी आडनाव पुसले. पुढे कोणी सांगण्याआधीच गाळू लागलो. माणसाला सवय लवकर लागते. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात धरली. एक तरी चित्र असे काढायचे, की ज्याखाली माझे पूर्ण नाव आडनावासकट असेल आणि ते कोणी पुसायला सांगणार नाही. लोकांच्या महत्त्वाकांक्षा याहून मोठ्या असतात. माझी एवढीच होती, आणि तिला दहा-बारा वर्षे लागली.

आमच्या शाळेत ड्रॉइंगला एक सर होते. ते संस्थाचालकांच्या पाहुण्यांतले, म्हणून नोकरीत. आणि चित्रकलेचे शिक्षक, म्हणून बहुतेक वेळ परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोजण्यात आणि लेझीमच्या पथकाला रांगेत उभे करण्यात. त्यांनी मला ब्रश कसा धरायचा ते शिकवले हे मी नाकारत नाही. मी काढलेला बैल त्यांनी वही उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी शेजारच्या गुरुजींना विचारले, "यांच्यात हे कुठून आलं असंल?" त्यांच्या मते हे कौतुक होते. त्या वयात मलाही ते कौतुकच वाटले, हे जास्त वाईट.

पुढे औरंगाबादला चित्रकला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिथे मी दोन वर्षे काढली. तिथली मुले रंगांची नावे इंग्रजीत घेत आणि कॅनव्हाससमोर डोळे बारीक करून उभी राहत. डोळे बारीक करणे मला लवकर जमले, कॅनव्हास मिळवणे जमले नाही. सिनेमाची पोस्टरे रंगवणाऱ्यांच्या एका शेडमध्ये काम धरले. तिथे खरे शिक्षण झाले. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचे. या रीतीने काम करताना माणूस मोठा की लहान, हे कळतच नाही. एका चौकटीत अर्धा कान असतो, दुसरीत मिशीचा तुकडा. माझ्या मते थोरामोठ्यांकडे बघण्याची हीच बरोबर रीत आहे.

तिसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि मी परत आलो. ते गेले. मी राहिलो. पुन्हा पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कुटुंब नियोजनाच्या भिंती. लोक मला आता 'आर्टिस्ट' म्हणू लागले होते, पण पाणी वरूनच ओतत.

नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या शाळेच्या संस्थापकांना जाऊन काही वर्षे झाली होती आणि त्यांच्या नावाचा नवा हॉल बांधून होत आला होता. संस्थेचे सचिव म्हणजे त्यांचे थोरले चिरंजीव. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी कुठल्याशा मोठ्या शहरात कॉलेजच्या हॉलमध्ये तैलचित्र पाहिले होते. काचेतला फोटो सगळ्यांकडेच असतो. आपल्याकडे तैलचित्र पाहिजे, असे त्यांनी ठरवले. तालुक्यात तैलरंग येणारा माणूस एकच निघाला. भाऊंकडे त्याला इलाज नव्हता.

मूळ फोटो म्हणून मला सोसायटीच्या ओळखपत्रावरचा एक बोटभर तुकडा देण्यात आला, त्यावर निम्मा शिक्का होता. काम करायला बंगल्यामागची सरकी ठेवायची खोली मिळाली. चहा मिळे तो प्लास्टिकच्या कपात. हे कप नवे नवे आले तेव्हा आमच्या भागातली अस्पृश्यता एकदम पुरोगामी झाली. वेगळी कपबशी वळचणीला ठेवायची गरज संपली. घरात बाकी सगळे काचेच्या कपात पीत, मला वापरून फेकायचा. आरोग्याच्या दृष्टीने तो जास्त चांगला, असे भाऊ एकदा म्हणाले.

दोन महिने काम चालले. संस्थापक रंगाने काळे होते, कपाळ रुंद होते, आणि भुवईवर बैलाच्या शिंगाची जुनी खूण होती. सगळे मी फोटोतून आणि आठवणीतून उतरवले. मला त्यांच्याबद्दल राग नव्हता. चौकटीचौकटीने माणूस काढला की रागाला सलग जागा मिळत नाही. चित्र उतरले. बंगल्यात कामाला येणारी बाई खोलीत केर काढायला आली ती चित्र बघून डोक्यावर पदर घेऊन मागे फिरली. एवढी दाद पुढे मला मिळाली नाही.

आणि चित्र पूर्ण झाल्यावर, कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना, भाऊ बघायला आले. त्यांनी पुढून बघितले, बाजूने बघितले.

"बराबर आलंय," ते म्हणाले. "पण दादा एवढे काळे न्हवते. जरा उजळ घ्या."

मी म्हटले, होते. ते म्हणाले, असतील, पण हॉलमध्ये तसे दिसायची गरज नाही. मी सांगितले की तैलरंग पाटीच्या रंगासारखा नसतो, त्याला वाळायला आठवडे लागतात, आता वर नवा थर दिला तर कार्यक्रमाच्या दिवशी तो ओला असेल. भाऊ म्हणाले, टेबलफॅन लावा. मी चेहऱ्यावर गव्हाळ रंगाचा चांगला जाड थर चढवला. खालचा मूळ रंग वाळलेला होता, वरचा उजळपणा लोण्यासारखा. चित्रापुढे फॅन लावून ठेवला. संस्थापकांच्या आयुष्यात त्यांना एवढा वारा कोणी घातला नसेल.

नावाचा विषय मी त्याच दिवशी काढला. चित्राखाली माझे नाव, आडनावासकट.

भाऊंनी मला खुर्ची दिली. खुर्ची मिळाली की काहीतरी नाकारले जाणार हे मला तोवर समजत होते. ते म्हणाले, तुमची कला आम्ही मानतो, बिलकुल मानतो. पण हे चित्र हॉलमध्ये लागणार, त्याला हार पडणार, गंध लागणार, लोक हात जोडणार. खाली नाव वाचणार. विनाकारण चर्चा होते. तुम्हालाच त्रास. म्हणून चित्रकार म्हणून ड्रॉइंगच्या सरांचे नाव द्यायचे ठरले आहे. सर तयार आहेत.

सर नुसते तयार नव्हते, शिवून आणलेल्या नव्या नेहरू शर्टात तयार होते. त्यांनी मला रस्त्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. शिष्याचे यश ते गुरूचेच असते, अशा अर्थाचे काही ते बोलले. त्यांनी खांद्यावर हात ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

व्यासपीठाचा फलक अर्थात माझ्याकडेच आला. भाऊंनी मजकुराचा कागद पाठवला. संस्थापकांचे नाव, प्रमुख पाहुण्यांचे नाव, आणि खाली 'चित्रकार' म्हणून सरांचे नाव. मी ते सुबक अक्षरात लिहिले. सरांच्या नावाला हलकी सावलीही दिली. का लिहिले, असे मला पुढे बऱ्याच जणांनी विचारले. नाही म्हणालो असतो तर चित्रही परत मागता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते, हे एक. आणि अक्षर वाईट काढता येत नाही, हे दुसरे.

कार्यक्रमाला घनसावंगीहून जीपा भरभरून माणसे आली. पाहुणे दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. समई पंख्याच्या वाऱ्याने चार वेळा विझली. मुलींनी स्वागतगीत म्हटले, त्यात पाहुण्यांची तुलना सूर्याशी होती. पाहुण्यांनी ती मान हलवून मंजूर केली. मग सरांचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि भाऊंचे चार शब्द: सरांनी दोन महिने घरदार विसरून ही साधना केली. सर नम्रपणे खाली बघत होते. मी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभा होतो. मला वाटले होते की राग येईल. प्रत्यक्षात मी सगळा वेळ चित्रावर पडणाऱ्या उजेडाकडे बघत होतो आणि उजेड चुकीच्या बाजूने होता.

पडद्याची दोरी अडकली, शिपायाने ती सोडवली, पडदा सरकला, टाळ्या पडल्या. इथवर सगळे रीतीप्रमाणे.

आता आमच्या भागातल्या मोठ्या माणसांबद्दल एक सांगायला हवे. ती सगळी काचेमागे असतात. गेलेला माणूस फोटोत जातो, फोटो काचेत जातो, आणि गंध लावतात ते काचेला. पिढ्यानपिढ्या अंगठ्याला तीच सवय. या चित्राला काच नव्हती. तैलचित्राला काच नसते, हे भाऊंनी मोठ्या शहरात बघितले होते. गंध लावत नाहीत, हे बघितले नव्हते. आणि ज्याला माहीत होते, त्याला व्यासपीठावर बोलावले नव्हते. मी सरांना आधी दोनदा सांगितले होते की चेहऱ्याला हात लागू देऊ नका. सर म्हणाले होते, मला शिकवू नको.

पाहुण्यांनी तबकातले अष्टगंध घेतले, डोळे मिटले, आणि भक्तिभावाने संस्थापकांच्या कपाळावर अंगठा दाबून वर ओढला.

कपाळ अंगठ्याबरोबर आले.

पाहुण्यांनी अंगठ्याकडे बघितले. मग खिशातून रुमाल काढला आणि राजकारणातला माणूस चूक निस्तरताना करतो तेच केले, म्हणजे तीच चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हा केली. रुमालाने पुसले तेव्हा गव्हाळ रंग भुवईपासून केसांपर्यंत निघून आला आणि खालून संस्थापकांचे खरे काळे कपाळ बाहेर पडले. निम्मा चेहरा भाऊंच्या वडिलांचा, निम्मा भाऊंच्या पसंतीचा.

"सर, हे काय करून ठेवलं तुम्ही?" भाऊ दात आवळून म्हणाले. माइक चालू होता.

सरांच्या एका हातात नारळ होता. दुसऱ्या हाताचे बोट त्यांनी थेट मंडपाच्या मागच्या खांबाकडे केले आणि माझे नाव घेतले. पूर्ण नाव. आडनावासकट.

"त्यानं काढलंय हे. मी ब्रशबी लावला न्हाई. आईची शप्पथ."

चार कर्णे लावलेले होते. दोन गावाकडे तोंड करून, दोन आमच्या वस्तीकडे. माझ्या कर्तृत्वाची एवढी स्वच्छ आणि जाहीर ग्वाही कोणी पैसे मोजूनही मिळवू शकला नसता. लोक माना वळवून माझ्याकडे बघत होते. मी नमस्कार करावा की पळावे हे ठरेना, म्हणून उभाच राहिलो. पाहुणे 'पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय' असे सांगून निघाले. अंगठा त्यांनी गाडीच्या खिडकीबाहेर धरला होता.

घरी आलो तर आई दारात. "भोंग्यावर तुझं नाव घेत व्हते," ती म्हणाली. "काय सापडलं का तुझं?" भोंग्यावर आमच्या लोकांची नावे एरवी हरवलेल्या शेळीसाठीच घेतली जात.

दोन दिवसांनी भाऊंची जीप वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली. आत येऊन वळायला जागा होती, पण ती बाहेरच थांबली. मी गेलो. हॉलमध्ये चित्राला चादर गुंडाळली होती. भाऊंनी सांगितले, जल्दी दुरुस्त करा, जो खर्चा होईल तो देऊ. मी म्हटले, खर्चा नको. खाली माझे नाव पाहिजे, पूर्ण. ते म्हणाले, आता काय राहिले आहे, सगळ्या गावाने ऐकले. लिहा कुठेतरी कोपऱ्यात, बारीक. मी म्हटले, मधोमध, वाचता येईल असे. भाऊंनी चादर नीट केली. मग म्हणाले, आधी चेहरा उजळ करा, नावाचे मंग बघू.

हे चालले असताना त्यांच्या आई आल्या. नव्वदीकडे झुकलेल्या, काठी टेकत. त्यांनी चादर ओढायला सांगितली. त्या काळ्या कपाळासमोर त्या उभ्या राहिल्या आणि भुवईवरच्या खुणेकडे बघत राहिल्या.

"हे बराबर दिसून राह्यलेत," त्या म्हणाल्या. "खालचं तोंड कोणाचं हे?"

भाऊंनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. आईंनी त्यांना हाताने थांबवले आणि माझ्याकडे वळल्या. "सगळं असंच कर, बाळा." मग भाऊंकडे बघून, "आन् त्याला नाव लिहू दे रे. त्यानं काय वाईट काढलंय?"

हा प्रसंग मी कोणाला सांगितला की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. ते भरण्याआधी सांगायला हवे की त्यांना वाचता येत नव्हते. खाली कोणाचे नाव आहे याने त्यांना काही फरक पडणार नव्हता. शिवाय बाहेर पडताना त्यांनी मोलकरणीला मी जिथे उभा होतो तिथली फरशी पुसायला सांगितली. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच सहजपणे केल्या.

चित्र दुरुस्त करायला अर्धा तास लागला. टर्पेंटाइनची चिंधी हलक्या हाताने फिरवली आणि भाऊंची सगळी सुधारणा निघून आली. मग सही. कॉलेजात आम्हाला सही करायला शिकवले होते. तिरकी, बारीक, कोणालाही वाचता येऊ नये अशी. मी पाटीचे अक्षर काढले. संस्थापकांच्या छातीखाली, बरोबर मध्यभागी, पांढऱ्या रंगात, सरळ, ठळक. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. भाऊंनी बघितले आणि तोंड फिरवले. चौकटीवर खाली संस्थापकांच्या नावाची पितळी पट्टी बसवायची होतीच, तिच्या चकाकीत माझे नाव दबेल असा त्यांचा हिशेब असावा. पट्टी बसली. चित्र लागले. माझे नाव कोणी पुसले नाही. मी त्या वर्षी हॉलच्या खिडकीतून ते बघायला बऱ्याच वेळा गेलो, हे कबूल करायला आता हरकत नाही.

भाऊंच्या आई गेल्या. सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाचा फलक मी रंगवला. मग रंगसफेदीच्या एका उन्हाळ्यात मजुरांनी चित्र उतरवले, पुन्हा लावले, आणि त्यात पितळी पट्टी निखळली. ती कोणी शोधली नाही. खाली फक्त माझे नाव राहिले.

दोन हजार सालानंतर केव्हातरी शाळेच्या भिंतींवर सुविचार लिहायला मला बोलावले होते. काम संपल्यावर क्लार्कने ऑफिसात बसवले, काचेच्या कपात चहा दिला, आणि हसू दाबत शेरेबुक पुढे केले. तपासणीला येणारे अधिकारी ज्या वहीत अभिप्राय लिहितात, ती ही वही. मागच्या तपासणीचे पान त्याने उघडले. नव्या साहेबांनी हॉलमध्ये जाऊन प्रतिमेला हार घातला होता, खालचे नाव वाचले होते, आणि निळ्या शाईत नोंद केली होती की 'संस्थेचे संस्थापक कै.', पुढे माझे संपूर्ण नाव, आडनावासकट, आणि मग 'यांच्या प्रतिमेचे पूजन करून तपासणीस सुरुवात केली.'

मी क्लार्कला विचारले, हे दुरुस्त करता येईल का. तो म्हणाला, शेरेबुकात खाडाखोड चालत नाही, आणि भाऊंनी ते पान अजून वाचलेले नाही.

त्या तपासणीत शाळेला 'अ' श्रेणी मिळाली.